घर कोणाच्या नावावर?

दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे योगिनीला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि लहानपणापासून तिने ते कधी ऐकलेलं नव्हतं.

त्या दुपारी चिखलीच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात ती आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला आली होती. परतीचा पाऊस आडवातिडवा कोसळत होता, दुकानाच्या पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. मशीन मात्र एका उंच, भिजलेल्या तरुणाच्या कामात अडकलं होतं. त्याला प्रती हव्या होत्या त्रेसष्ट, आणि एकेक प्रत चार पानांची. मशीन पान सोडायचं, दुकानदार ते उचलून काउंटरवर ठेवायचा, आणि योगिनीच्या अगदी नाकासमोर ढीग वाढत चालला होता.

वरच्या पानावर चित्र होतं : हिरवळ, कारंजं, पांढरे बंगले. खाली बारीक अक्षरं. ती तिच्या बाजूने उलटी होती, पण उलटं वाचण्यात योगिनीचा हात धरणारं चिखली तालुक्यात कोणी नव्हतं.

"आभाळवेल रिअल्टी लिमिटेड..." ती पुटपुटली. "सव्वातेरा टक्के, दोन वर्षं. सुरक्षित कर्जरोखे..." मग न राहवून तिने विचारलंच, "सुरक्षित म्हणजे कशावर?"

तरुणाने वळून पाहिलं. केसांतून ओघळलेला एक थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. "मले विचारलं?"

"इथे तुम्ही आहात आणि मशीन आहे. मशीनला विचारून काय उपयोग?"

तो हसला, आणि थेंब पडला. योगिनीने उगाचच त्या थेंबाकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"जमिनीवर सुरक्षित," तो म्हणाला. "मेहकरच्या पुढं, डोणगाव रोडले. समृद्धी महामार्गाच्या जवळच. चाळीस एकर. मी सोता पाहून आलो."

"काय काय पाहिलंत?"

"सगळं. चारी बाजूनं तारेचं कंपाउंड हाय. वॉचमन हाय, त्याच्यासंग चहा घेतला. गेटवर हा एवढा मोठा बोर्ड हाय कंपनीचा."

"आणि जमीन कोणाच्या नावावर आहे?"

"बोर्डावर नाव हाय ना, मॅडम."

"बोर्ड काय, उद्या मी तहसील कचेरीवरही माझ्या नावाचा लावीन. कचेरी माझी होईल का?"

दुकानदार खुदकन हसला. तरुणाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो रागावला नाही. ही गोष्ट योगिनीने मनात कुठेतरी टिपून ठेवली. "तुम्ही वकील हाय का?" त्याने विचारलं.

"नाही. मी रोखे वाचते."

आणि ते खरंच होतं. कंपन्या लोकांकडून कर्ज घेतात आणि बदल्यात व्याजाचा कागद देतात, त्याला कर्जरोखे म्हणायचं. ती कंपनी मुळात कोणाच्या मालकीची, तिचे शेअर कोणाच्या हातात, डोक्यावर देणं किती, आणि घेतलेले पैसे ती परत करील का, हे शोधून अहवाल लिहिणं हा योगिनीचा धंदा. दोन वर्षं पुण्याच्या एका फर्मच्या ऑफिसात बसून तिने हे केलं. आता तेच काम ती चिखलीत, वडिलांच्या कृषी केंद्राच्या माडीवर बसून करायची. खाली निवृत्तीभाऊ बियाणं विकायचे, वर त्यांची लेक कंपन्यांची हाडं मोजायची.

तरुणाचं नाव ऋत्विक. राहणार सुलतानपूर, आणि तिथल्या भाजीपाला उत्पादक गटाचा सचिव. गटात त्रेसष्ट घरं. नऊ वर्षं प्रत्येक घराने विकलेल्या क्रेटमागे पाच रुपये बाजूला टाकले, त्याचे एकतीस लाख झाले. गावात स्वतःचं शीतगृह बांधायचं, त्याला शेहेचाळीस लाख लागणार होते.

"मागच्या साली टमाटे रस्त्यावर टाकले आम्ही," तो सांगू लागला, आणि त्याचा आवाज खाली गेला. "भाव नव्हता अन् ठेवाले जागा नव्हती. गाई बी खाईनात, एवढे टाकले. चार दिवस थंड जागा भेटली असती ना, तं भाव आला होता. म्हनून घाई हाय. बँक देते सात टक्के. हे सव्वातेरा देऊन राह्यले. दोन वर्षांत काम होते. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सभा हाय, तिथं ठराव."

योगिनीने चार पानं उचलली. "मी वाचते. तुमच्या सभेत येऊन सांगते."

"अन् फी?"

"माझ्या आधारच्या दोन प्रती काढून द्या. अर्ध्या तासापासून उभी आहे."

त्याने चार रुपये मोजले, दोन प्रती तिच्या हातात दिल्या, तिचा फोन नंबर लिहून घेतला आणि जाता जाता म्हणाला, "पन बरं लिहिजा हो, मॅडम."

"मी बरं लिहीत नाही. असेल ते लिहिते."

"तेही चालते," तो म्हणाला, आणि पावसात उतरला. चालते म्हणाला खरा. ते किती चालतं हे अजून पाहायचं होतं.

*

योगिनीच्या या विचारण्याची तिच्या आईला, आशाबाईंना, फार धास्ती. त्याला कारण होतं.

गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. रीतीप्रमाणे घरची चार मोठी माणसं मुलाचं घर पाहायला गेली. दोन मजली घर, दारात ट्रॅक्टर, फाटकावर पितळी पाटी, पाटीवर मुलाचं आडनाव. मंडळी चहा-चिवडा खाऊन खूश होऊन आली. आशाबाईंनी साखर वाटायचीच बाकी ठेवली होती. बैठकीत मुलाकडची माणसं समोर असताना योगिनीने तेवढं विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे?"

बस्. मुलाची आत्या उठून उभी राहिली. "पोरगी लय विचारते बाई," असं म्हणून पाहुणे निघून गेले, आणि ते वाक्य त्यांच्या आधी चार गावांत पोचलं. पुढे महिन्याभराने कळलं, घर चुलत्याचं होतं. वाटण्या पंधरा वर्षांपूर्वीच झाल्या होत्या. आडनाव एक, अंगण एक, पण मुलाच्या बापाच्या वाट्याला मागच्या दोन खोल्या.

"तुह्यं खरं निंघालं," आशाबाई म्हणाल्या होत्या, "पन खरं निंघून काय फायदा? पुढचं स्थळ येईना झालं."

"येईल. ज्याला विचारलेलं चालतं तो येईल."

"असा मानूस कंपनीत बनवून मागवा लागते," आशाबाई म्हणाल्या.

योगिनीने हसून सोडून दिलं होतं. तिला घाई नव्हती. पण त्या झेरॉक्सच्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला फोन वाजू लागला, आणि सात वाजायच्या आत तिचा चहा पिऊन होऊ लागला, हे आशाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"काही सापडलं का, मॅडम?"

"सापडतंय. आज शेअरचा तक्ता काढला. कंपनी कोणाची किती, ते दर तीन महिन्यांनी जाहीर करावं लागतं त्यांना."

"मंग? कोनाची हाय?"

"शंभरातले अठ्ठावन्न शेअर एका कुटुंबाचे. आणि त्यातले चाळीस आधीच कुठेतरी गहाण."

"म्हंजे सातबाऱ्यावर बोजा हाय म्हना की."

"अगदी तसंच." योगिनी खिडकीत जाऊन उभी राहिली. "तुम्ही पटकन समजता हो."

"शेतकरी हाय. बोजा नाही समजला तं काय समजलं?" मग जरा थांबून, "जेवल्या का?"

"साडेसात वाजलेत."

"तेच म्हनलं... आमच्याकडं जेवून झोपतात लोक आता." पुन्हा थांबला. "आज तुमच्या चिखलीले पानी होतं का?"

"ऋत्विक, तुम्हाला कंपनीबद्दल विचारायचंय की पावसाबद्दल?"

"दोन्ही बी संपले तं तिसरं काही काढीन," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर योगिनी बराच वेळ खिडकीतच उभी होती. खाली दुकानात वडील कोणाला तरी हरभऱ्याचं बियाणं मोजून देत होते. तिचं हसू आवरत नव्हतं, आणि आवरावं असं तिला वाटतही नव्हतं.

सहाव्या दिवशी तिला हवा तो कागद सापडला. तिने तो दोनदा वाचला. मग पदरचे शंभर रुपये भरून दुसऱ्या एका कंपनीचा कागद मागवला, तोही वाचला, आणि खुर्चीला पाठ टेकून बसून राहिली. निष्कर्ष स्वच्छ होता. ती हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे चूक आपली असेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही. सातला फोन वाजला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या मला ती जमीन दाखवा."

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण काही गोष्टी समोर सांगाव्यात असं तिने मनाला बजावलं, आणि मनानेही ते खरं मानल्याचं सोंग केलं.

*

मेहकरच्या स्टँडवर तो मोटरसायकल घेऊन उभा होता. सीट रुमालाने पुसून पुसून कोरडी केलेली. "घट्ट धरजा," तो म्हणाला, "रस्ता खराब हाय." रस्ता चांगला गुळगुळीत होता. योगिनीने तसं बोलून दाखवलं नाही, धरायचं तेवढं धरलं.

दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे, आणि हवेला ओल्या मातीचा वास. डोणगावच्या अलीकडे तो थांबला. तारेचं कंपाउंड होतं, वॉचमनही होता. आणि बोर्ड तर खरोखरच दोन बैलगाड्या आडव्या लावाव्यात एवढा : "आभाळवेल", आणि खाली कारंजं.

"पाहा," ऋत्विक अभिमानाने म्हणाला. जणू जमीन त्याचीच होती.

"बोर्डाच्या खालची ओळ वाचलीत?"

"कोनती?"

"असेल. असावी लागते."

तळाशी गवत कमरेएवढं माजलं होतं. ऋत्विकने वाकून दोन्ही हातांनी ते बाजूला केलं. बोटभर उंचीची अक्षरं होती. त्याने मोठ्याने वाचलं, "जागेचे मालक, आभाळवेल भूमी प्रायव्हेट लिमिटेड." मग वर पाहिलं. "मंग बरोबर हाय की. आभाळवेलच."

"रोखे कोण विकतंय?"

"आभाळवेल... रिअल्टी." तो थांबला. "पन एकच तं हाय. एकाच घरचे."

आभाळ भरून आलं होतं. चार थेंब पडले आणि मग सर आली. दोघं बोर्डाच्या आडोशाला सरकली. बोर्ड मोठा होता, पण आडोसा जेमतेम एका माणसापुरता. ऋत्विकने तो तिला दिला आणि स्वतः अर्धा बाहेर राहिला.

"तुमच्या गावात तुमच्या आडनावाची किती घरं?" योगिनीने विचारलं.

"अठरा."

"तुमच्या चुलत्याने कर्ज काढलं, तर तुमच्या शेतावर बोजा चढतो?"

"काऊन चढीन? आमच्या वाटण्या झाल्या हाय ना."

"यांच्याही झाल्यात."

ती सांगत गेली, सावकाश, एकेक पायरी. रोखे विकणाऱ्या रिअल्टी कंपनीकडे एक गुंठाही जमीन नाही. जमीन आहे भूमी कंपनीची. त्या भूमी कंपनीतले शंभरातले सव्वीस शेअर तेवढे रिअल्टीचे. बाकी चौऱ्याहत्तर मालकाची बायको आणि जावई यांच्या खाजगी कंपन्यांकडे. रोख्यांना 'सुरक्षित' म्हटलंय ते त्या सव्वीस शेअरांच्या जोरावर, आणि त्यांच्यावरही आधी एका दुसऱ्याच सावकाराचा हक्क आहे. उद्या पैसे बुडाले तर त्रेसष्ट घरांनी या तारेच्या आत पाऊलसुद्धा ठेवायचं नाही.

"कागदात खोटं काही नाही," ती म्हणाली. "सगळं लिहिलंय. फक्त बोर्ड मोठा आणि ओळ बारीक."

पाऊस त्याच्या खांद्यावरून वाहत होता. "मी घरोघरी गेलो," तो म्हणाला. "त्रेसष्ट घरी. मी पाहून आलो म्हतलं. लोकायनं कागद नाही पाह्यला, माह्या तोंडाकडं पाहून हाव म्हतलं."

"रविवारी मी हेच सांगणार आहे. कमी नाही, जास्त नाही."

"हाव," तो म्हणाला. "सांगजा."

मेहकरपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. स्टँडवर तिला उतरवलं, बस लागलेली दाखवली आणि वळून निघून गेला. पाऊस थांबल्यावर सीट पुसायला त्याने दिलेला रुमाल तिच्या हातातच राहिला होता.

मेहकर ते चिखली हा रस्ता योगिनीने शंभरदा केला असेल, पण एवढा लांब तो कधी झाला नव्हता. पुरुषाचं गप्प होणं तिला माहीत होतं. गेल्या वर्षी बैठकीत ते तिने पाहिलं होतं. आधी गप्प होतात, मग उठतात. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला खिडकीच्या गजाला डोकं टेकल्यावर अगदी स्पष्ट कळलं. सरळ, निष्कर्ष कळावा तसं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण बरोबर असण्याचा राग आला.

त्या संध्याकाळी सात वाजले. सव्वासात झाले, आठ झाले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी आशाबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "काऊन वं, विचारलं वाटते काही?"

"सांगितलं."

"ते तं आनखी वाईट," आई म्हणाली, आणि तिच्या केसांवरून हात फिरवून गेली.

योगिनीने अहवालातला एक शब्द बदलून पाहिला. 'गुंतवणूक करू नये' च्या जागी 'थांबावे' असं लिहिलं. मऊ वाटत होतं. त्यात ऋत्विकची चूकही झाकली जात होती. पाच मिनिटं ती त्या शब्दाकडे बघत बसली, मग तो खोडला आणि पहिलं होतं ते परत लिहिलं. ज्याला 'नाही' ऐकता येत नाही, त्याला आपणही नकोच. आणि ज्याला येतं, त्याच्याशी लबाडी कशाला?

*

रविवारी ती एकटीच बसने सुलतानपूरला गेली. गळ्यात निळी ओढणी, पिशवीत अहवाल, आणि अहवालाखाली धुऊन घडी घातलेला रुमाल.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. गटाचे अध्यक्ष भगवंतराव, पांढऱ्या मिशांचे, लोडाला टेकून बसलेले. त्रेसष्ट घरांची शंभर-सव्वाशे माणसं, एका बाजूला बायका. ऋत्विक पुढे उभा होता. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि ती बसायच्या आधीच बोलायला लागला.

"रोख्याचा ठराव मी आनला होता. तो मी मागं घेऊन राह्यलो."

मंडपात कुजबुज उठली. भगवंतराव सरळ बसले. "काऊन रे बाप्पा? तूच तं घरी येऊन सांगून गेला, जमीन पाहून आलो म्हनून."

"जमीन पाह्यली, भगवंतराव. जमिनीचा मालक नाही पाह्यला. बोर्डाले भुललो." त्याने योगिनीकडे हात केला. "चूक माही हाय. ह्या चिखलीच्या योगिनी मॅडम, यायनं दाखवली. मी तीन दिवस पडताळून पाह्यली, तं ती खरीच निंघाली."

आणि त्याने कागद वाटायला सुरुवात केली. त्रेसष्ट प्रती. योगिनीच्या हातात एक आली, आणि तिने ओठ दाबून धरले. त्याने वंशावळ काढली होती. वारसाची नोंद करताना तलाठ्याकडे द्यावी लागते तशी : वर मूळपुरुष म्हणजे मालकाचं कुटुंब, खाली दोन भाऊ, रिअल्टी आणि भूमी, मध्ये वाटणीची जाड रेघ. जमीन भूमीच्या अंगणात. कर्ज रिअल्टीच्या डोक्यावर. आठ पानांच्या अहवालात तिने जे लिहिलं होतं ते सगळं त्या एका पानावर होतं, आणि सतरंजीवरचं प्रत्येक माणूस ते वाचून मान डोलवत होतं.

"आता बाकीचं मॅडम सांगतीन," तो म्हणाला. "अन् सांगजा तसंच, मॅडम. कमी नाही, जास्त नाही."

ती उभी राहिली आणि वीस मिनिटं बोलली. पुण्याच्या ऑफिसात ती यापेक्षा मोठ्या लोकांपुढे बोलली होती, पण एवढं नीट ऐकणारी माणसं तिथे नव्हती. एका म्हाताऱ्याने विचारलं, शेअर गहाण म्हणजे काय. एका बाईने विचारलं, जावयाची कंपनी कर्जाला बांधील का नाही. योगिनीने प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटी भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे नाव मोठं अन् लक्षन खोटं. बरं, पैसे बँकेत राहू द्या. पन पोरी, मंग शीतगृहाचं कसं?"

त्याचं उत्तर तिच्या अहवालात नव्हतं. ते आलं बायकांच्या बाजूने. एक सडसडीत बाई डोक्यावरचा पदर सारखा करत उठल्या. "क्रेटमागं पाचचे आठ करा. वर्षाले सत्तर हजार क्रेट जातात आपले. दोन वर्षांत तेवढेच होतात, बँकेत ठेवून बी. रातीच मांडून पाह्यलं म्या. चहाले दहा देता, अन् तीन रुपये जड जातात का?"

"कौशल्याबाई बोलल्या म्हंजे झालंच," कोणीतरी म्हणालं, आणि हात वर झाले. योगिनीने मनातल्या मनात आकडे जुळवून पाहिले. बरोबर होते, अगदी काट्यावर.

सभा पांगली तेव्हा तो देवळाच्या पायऱ्यांशी उभा होता. तिने रुमाल पुढे केला. त्याने घेतला नाही.

"तीन दिवस फोन का नाही केला?" तिने विचारलं. मग तिला जाणवलं, आपण चिडलो आहोत, आणि चिडल्यावर तिची पुण्याची भाषा कुठल्या कुठे जायची. "काऊन नाही केला? मी काय समजावं?"

"राग आला होता."

"माझा?"

"पह्यल्या दिवशी तुमचा. दुसऱ्या दिवशी माहा." त्याने जमिनीकडे पाहिलं. "तिसऱ्या दिवशी राग नव्हता. पन मले वाटलं... आधी सगळ्याइसमोर चूक कबूल करू, मंग तुमच्यापुढं उभं राहू. तसाच फोन केला असता, तं पुन्हा पाऊस-पान्याचंच बोललो असतो."

"आणि आता काय बोलणार आहात?"

तो गडबडला. "तुमच्या घरचे... म्हंजे निवृत्तीभाऊ... येतीन का? माहं घर पाहाले?"

योगिनीला हेच ऐकायचं होतं. पण चेहरा तिने तसाच ठेवला. "घरचे गेल्या वर्षी एक घर पाहून आले होते. ते पुरे झालं. या वेळी मीच पाहीन."

"पोरगी सोता? घर पाहाले?"

"चालत नाही का?"

"चालते," तो म्हणाला, आणि या वेळी ते किती चालतं हे तिला पाहायची गरज नव्हती. "कवा येता?"

"बसला पाऊण तास आहे."

*

घर देवळामागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, वर टिनं, पुढच्या भिंतीला अर्धवट गिलावा. ओसरीत क्रेटांची चळत, एका कोपऱ्यात मिरचीची रोपं. फाटक नव्हतं, त्यामुळे पाटीही नव्हती. आतून कपबशांचा आवाज येत होता, आणि बाहेर आल्या त्या मघाशी सभेत पदर सारखा करत उठलेल्या कौशल्याबाईच.

"माही आई," ऋत्विक म्हणाला.

योगिनीने वाकून नमस्कार केला. बाजेवर बसली. चहा आला, त्यात आलं होतं आणि साखर जरा जास्त होती. तिने कप खाली ठेवला. हा प्रश्न गेल्या वर्षी विचारला तेव्हा एक आत्या उठून उभी राहिली होती. तो पुन्हा विचारताना आवाज हलेल असं तिला वाटलं होतं, पण हलला नाही.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

ऋत्विकने आईकडे पाहिलं. कौशल्याबाई उठल्या. क्षणभर योगिनीला वाटलं, झालं, ह्याही उठल्या. पण त्या आतल्या खोलीत गेल्या, पेटीचं झाकण वाजलं, आणि त्या एक कागद घेऊन परत आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराचा उतारा. तो त्यांनी योगिनीच्या मांडीवर ठेवला.

"मह्या नावावर," त्या म्हणाल्या. "वाच, माय. नीट वाच. मी लगन होऊन आली तवा कोनाले विचारलं नव्हतं. भेव वाटलं, लोक काय म्हनतीन. मंग ऋत्विकचे बाबा वारले, अन् त्यायच्या माघारी दिरायनं वाटनी काढली, अन् सात वर्षं लेकरू काखेत घेऊन ह्या दोन खोल्यासाठी पंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या म्या. तू आधी विचारलं. लय बरं केलं."

योगिनीच्या डोळ्यांसमोर अक्षरं पुसट झाली. सरळ धरलेला कागद होता, तरी तिला वाचता येईना.

"अन् माह्या नावावर," ऋत्विक घाईने म्हणाला, "मोटरसायकल हाय. चार हप्ते बाकी हाय तिचे. अन् दीड एकर, आईसंग सामायिक. बोजा नाही. बाकी काही लपवेल नाही... साखर जास्त टाकतो आम्ही चहात, तेवढंच."

"ते समजलं," योगिनी म्हणाली. तिने डोळे त्याच्याच रुमालाने पुसले, कागद घडी घालून कौशल्याबाईंच्या हातात दिला आणि उठली. "पुढच्या रविवारी बाबांना घेऊन येते."

"घर पाहाले?"

"घर पाहून झालं ना." तिने ओढणी सारखी केली, आणि पहिल्यांदाच त्याच्याशी अगदी घरच्या बोलीत बोलली. "सुपारी फोडाले."